तलफ आली की काय करायचं आणि तुटलेली माणसं कशी जोडायची

व्यसन सोडलेल्या माणसाला घरचे सगळ्यात आधी शपथ घ्यायला लावतात. माझ्या मोठ्या भावाने अशा कितीतरी शपथा घेतल्या, आणि प्रत्येक वेळी अगदी मनापासून. तरी त्याची दारू सुटली ती संध्याकाळी सहा वाजता काय करायचं हे सकाळीच ठरवायला लागल्यावर. म्हणून इथे सगळं करायच्या गोष्टींबद्दल आहे.

१. आधी डॉक्टरांना भेटा

बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने मनाच्या जोरावर एकदम दारू बंद करू नये. फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास होणं, बरळणं सुरू झालं तर जिवावर बेतू शकतं. झोपेच्या काही गोळ्यांचंही असंच आहे. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढा.

२. तलफ कधी येते ते लिहून काढा

वेळ, जागा, सोबतची माणसं, हातातले पैसे. आठवडाभर लिहिलंत की तुमची धोक्याची वेळ तुम्हालाच दिसेल. मन अस्वस्थ झालं की स्वतःला चार प्रश्न विचारा: भूक लागली आहे का? राग आलाय का? एकटं वाटतंय का? थकलोय का? पुष्कळदा उत्तर इथेच सापडतं, आणि जेवून किंवा झोपून निम्मं काम होतं.

३. तलफेशी कुस्ती खेळू नका

अॅलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तलफेला लाटेची उपमा दिली. ती चढते, शिखर गाठते आणि ओसरते. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत जोर कमी होतो, पण चढत असताना ती कधी थांबणारच नाही असं वाटतं. तेव्हा घड्याळ बघा आणि बसा. ती शरीरात नेमकी कुठे जाणवते ते शोधा: घशाला कोरड, छातीत धडधड, बोटांची चुळबुळ. लक्ष तिथेच ठेवून सावकाश श्वास घ्या. पाच मिनिटांनी पुन्हा बघा, वाढली की उतरली? माझा भाऊ खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचा. दहाव्या मिनिटाला त्याची पकड सैल झालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

जागा मात्र लगेच बदला. बाटली समोर ठेवून हा प्रयोग करायचा नसतो.

४. फोन कुणाला करायचा ते आधीच ठरवा

एकच माणूस निवडा आणि त्याला शांत वेळी सांगून ठेवा, "मी फोन केला तर उपदेश करू नकोस, फक्त वीस मिनिटं बोल." असं कुणी नसेल तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमससारखे गट आहेत. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून तो सुरू झाला, आणि पिणाऱ्याला पिणाराच समजून घेतो हा त्याचा पाया आजही तोच आहे.

५. नात्यांना वेळ द्या

"मी सोडली ना आता, मग अजून संशय का?" हे वाक्य टाळा. तुमची दारू दोन महिन्यांपूर्वी सुटली असेल, पण घरच्यांच्या मनातली भीती वर्षानुवर्षांची आहे. त्यांचा राग ऐकून घ्या, लगेच सफाई देऊ नका. सातला येतो म्हणालात तर सातला या. उशीर होणार असेल तर आधी कळवा. विश्वास असाच किडूकमिडूक जमतो.

घरच्यांनी खिसे तपासणं सोडावं, पण नशेसाठी पैसे देणं आणि खोटं बोलून पांघरूण घालणंही सोडावं. त्यांच्यासाठी अल-अॅनॉन हा वेगळा गट आहे. जुन्या बैठकीतल्या मित्रांना स्पष्ट नाही म्हणा, कारणं देत बसू नका. नवं प्रेमप्रकरण पहिल्या वर्षात नकोच, असं अनुभवी लोक सांगतात आणि मला ते पटतं.

६. पाय घसरलाच तर

"आता सगळं संपलंच" या विचारानेच दुसरा पेला भरला जातो. त्याच दिवशी ठरलेल्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांना भेटा. अफूवर्गीय नशा (हेरॉइन, ब्राउन शुगर वगैरे) करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते. घरच्यांनाही हे आजच सांगून ठेवा, म्हणजे श्वास मंदावलेला दिसला तर "झोपलाय, झोपू दे" म्हणत ते थांबणार नाहीत, तातडीने रुग्णवाहिका बोलावतील.