पीसी घ्यायचा की कन्सोल? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांसाठी

सगळ्यात आधी एक ठरवा: घरात कॉम्प्युटर एरवीही लागणार आहे का? मुलगा-मुलगी इंजिनीअरिंगला किंवा डिप्लोमाला चालली असेल, कोडिंग, ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग करावं लागणार असेल, तर पीसीचा बराचसा खर्च अभ्यासासाठीच होतो. खेळासाठी जादा पैसे पडतात ते मुख्यतः ग्राफिक्स कार्डाचे, म्हणजे गेमचं चित्र तयार करणाऱ्या भागाचे. तसं काही नसेल, हॉलमध्ये चांगला टीव्ही असेल आणि रात्री जेवणं झाल्यावर भावंडांनी मिळून दोन मॅच खेळायच्या एवढीच हौस असेल, तर कन्सोल (प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारखं टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन) घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅम (मेमरी) आणि एसएसडीचे (साठवणीच्या ड्राइव्हचे) भाव चढलेत. कन्सोलच्या पैशात तसंच चित्र देणारा नवा पीसी बसवणं त्यामुळे आणखी अवघड झालंय.

मग गेम बघा. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ खेळायचे असतील तर पीसीच हवा. ग्रान टुरिस्मो ७ फक्त प्लेस्टेशनवर आहे. प्लेस्टेशनवाल्या सोनीचे काही मोठे गेम पीसीवर येतात, पण उशिरा: गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक प्लेस्टेशनवर २०२२ मध्ये आला, पीसीवर २०२४ मध्ये. आणि तुमचे मित्र कशावर खेळतात ते आधी विचारा. एकट्यासाठी घेतलेलं मशीन महिन्याभरात कपाटावर जातं.

पीसीवर ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नाही. प्लेस्टेशनवर विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा तर पीएस प्लस ही सोनीची वर्गणी लागते. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना लागत नाही. स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) रुपयांत भाव असतात, सेल वरचेवर लागतात, आणि गेम घेतल्यापासून १४ दिवसांत, २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. कन्सोलची बाजू डिस्कमध्ये आहे. गेम संपवला, डिस्क विकली, पुढची घेतली. म्हणून डिस्क ड्राइव्ह असलेलं मॉडेलच घ्या. एक्सबॉक्स सिरीज एसला ड्राइव्ह नाही. पीएस५ (प्लेस्टेशन ५) स्लिमच्या डिजिटल मॉडेलला तो नंतर जोडता येतो, मात्र जोडताना एकदा नेट लागतं.

नेटचा हिशेब दुकानात कोणी सांगत नाही. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या फायबरवर उतरायला साधारण साडेपाच तास लागतात. खानापूरच्या आतल्या गावात रोज दीड जीबीच्या मोबाइल डेटावर तोच गेम उतरवायचा तर दोन महिन्यांहून जास्त. अशा ठिकाणी पीसी बरा, कारण स्टीमवरचा गेम शहरातल्या मित्राकडे उतरवून हार्ड डिस्कवर घरी नेता येतो, किंवा एकाच वायफायवर असलेल्या दोन पीसींत थेट हलवता येतो. पीएस५ चे गेम बाहेरच्या यूएसबी डिस्कवर साठवता येतात, पण खेळताना ते आतल्या एसएसडीवर आणावे लागतात.

आता वीज. आपल्याकडे मशीन खराब होतं ते बहुतेक विजेमुळे, आणि ग्राफिक्स कार्डावर हजारो ओतणारे लोक नेमका इथेच हात आखडता घेतात.

आधी अर्थिंग तपासा. जुन्या गल्ल्यांतल्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थची वायरच नसते. पीसीच्या कॅबिनेटला किंवा एचडीएमआय केबलच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर समजा अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधून गळणाऱ्या करंटला तिथे जायला वाट नसते. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टरही फारसा कामाचा नाही.

यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅट वाचा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाचा पीसी खेळताना मॉनिटरसकट अडीचशे-पावणेतीनशे वॅटपर्यंत जातो. पीएस५ सुमारे २०० वॅट घेतो आणि वर मोठा टीव्ही. म्हणून दोन्हीकडे १००० व्हीए, ६०० वॅटचा यूपीएस घ्या. तो तासभर खेळायला नाही, गेम सेव्ह करून नीट बंद करायला आहे. घरचा इन्व्हर्टर वापरायचा असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा आणि मागचा खटका यूपीएस मोडवर हवा. एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर त्याहून हळू बदलला की पीसी रीस्टार्ट होतो. राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा घ्या.

उसाच्या पट्ट्यात पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं. एसएमपीएसवर १००–२४० व्होल्ट छापलेलं असेल तर त्यासाठी स्टॅबिलायझर लागत नाही. खरा धोका हेस्कॉमची गेलेली लाईट परत येते तेव्हाच्या झटक्याचा. आणि एप्रिल-मेमधल्या वळवाचा. ढग गडगडायला लागले की प्लग काढा, सोबत टीव्हीची डिश किंवा केबलची वायरही काढा. वीज त्या वायरीतून टीव्हीत, तिथून एचडीएमआयने कन्सोलमध्ये शिरते आणि पोर्ट जाळते. अशा दिवसांत बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) किंवा कन्सोलचं सिस्टिम अपडेट करू नका. मधेच लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पीएस५ रेस्ट मोडवर ठेवण्याची सवयही पावसाळ्यात सोडा, पूर्ण बंद करा.

पीसी ठरला तर १०८० पी (फुल एचडी) चित्रासाठी रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० आणि ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस पुरतो. विंडोज ११ च टाका. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जोडणीत त्याच त्या चुका होतात:

१. कूलरखालची प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहते आणि प्रोसेसर तापून पीसी बंद पडतो.
२. रॅम शेजारी-शेजारी बसवतात. प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा, मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारं सेटिंग) चालू करा.
३. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावतात. ती ग्राफिक्स कार्डालाच लावायची.
४. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये बदला.
५. जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल नव्याला लावतात. खाच जुळली तरी पिनांची रचना वेगळी असते, एसएसडी जळते.

बजेट कमी असेल तर कंपन्यांतून निघालेला जुना ऑफिस पीसी आणि वेगळी पॉवर केबल न लागणारं ७५ वॅटचं जीटीएक्स १६५० घ्या. कॅबिनेट बारकं असेल तर कार्ड लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) हवं. अशा पीसींचा एसएमपीएस त्या-त्या कंपनीच्या खास मापाचा असतो, पुढे तो बदलता येईल असं धरू नका.

बिघाड झाला तर पीसीचा एकेक भाग सुटा बदलतो, आणि कार्ड-एसएमपीएसवर बहुतेक ३ वर्षं किंवा जास्त वॉरंटी असते. कन्सोलला १ वर्ष, आणि मशीन अख्खंच द्यावं लागतं. म्हणून कोल्हापूर, हुबळी, पुणे, कुठूनही आणा, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. पीएस५ च्या प्रोसेसरवर लिक्विड मेटल असतं. ओघळलं तर बोर्ड शॉर्ट होतो, म्हणून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पेस्ट बदलायला देऊ नका. वरची पांढरी झाकणं सरकवून काढली की धूळ साठायची छिद्रं दिसतात. ती दोन-तीन महिन्यांनी व्हॅक्यूमने ओढून घ्या.