व्हिटबीत फोटो काढायचे तर आधी तिथी बघा

लीड्स-मँचेस्टरकडची आपली मंडळी शनिवारी सकाळी निघतात, अकराला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हिटबीत पोचतात आणि पार्किंग शोधण्यात तासभर घालवतात. मग वेस्ट क्लिफवरच्या व्हेलच्या हाडांच्या कमानीतून पलीकडच्या टेकडीवरच्या पडक्या ख्रिस्ती मठाचा म्हणजे अ‍ॅबीचा फोटो काढायचा, फिश अँड चिप्स खायचे आणि चारला परत. तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एकसारखा असतो: डोक्यावरचं ऊन, पांढरंफटक आकाश आणि कमानीखाली अनोळखी लोकांची रांग. मी इथल्या एका फार्मसीत काम करते आणि माझं माहेर हर्णैचं. त्यामुळे कुणी "कधी येऊ?" असं विचारलं की मी उलट विचारते, "तिथी काय आहे?"

लोक हसतात, पण यात चेष्टा नाही. पौर्णिमा किंवा अमावास्या होऊन एक-दोन दिवस झाले की उधाण असतं, आणि उधाणाच्या दिवसांत व्हिटबीला पूर्ण ओहोटी सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान लागते. भरती येते ती संध्याकाळी साधारण चार ते सहाच्या सुमारास. म्हणजे सकाळी खडकाळ किनारा उघडा मिळतो आणि संध्याकाळी तिरप्या उन्हात बंदर पाण्याने काठोकाठ भरलेलं मिळतं. एकाच दिवसात दोन्ही. अष्टमीच्या आसपास आलात तर भांगाची भरती. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, वेळाही उलट्या होतात. तेव्हा कालनिर्णय बघून शनिवार ठरवा आणि नेमकी वेळ इथल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. काही तक्ते ग्रीनिच वेळेत छापलेले असतात. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा.

सकाळचा कार्यक्रम सॉल्टविक बे. अ‍ॅबीच्या मागून कड्याच्या काठाने क्लीव्हलँड वे ही पायवाट जाते, मैलभर चाललं की खाली उतरायची वाट येते. कडे मातकट आहेत, सतत ढासळतात. वाट वळवल्याची पाटी दिसली तर ती ऐका. पूर्व धक्क्यापासून खालून, खडकांवरून चालत जाण्याचा शहाणपणा करू नका. पाणी फिरलं की मागचा रस्ता बंद होतो, आणि कड्याला टेकून थांबावं तर वरून दगड येतात. ओहोटी पूर्ण व्हायच्या दीडेक तास आधी उतरा आणि पाणी चढायला लागलं की वर या.

खाली एका बाजूला ब्लॅक नॅब नावाचा एकटा उभा काळा खडक आहे. 1976 साली इथे खडकावर चढलेल्या मच्छीमार बोटीच्या सांगाड्याचे गंजके तुकडे ओहोटीला दिसतात. दुसऱ्या बाजूचा सॉल्टविक नॅब तुरटीसाठी खणून खणून असा विचित्र झालाय. ब्लॅक नॅबचा फोटो काढताना उभं राहून काढू नका. खडकात साचलेल्या पाण्याजवळ कॅमेरा अगदी खाली न्या, म्हणजे त्याचं प्रतिबिंब पुरं मिळतं. शेवाळावर बुटांची परीक्षा असते, ट्रेकिंगचेच घाला.

इथे अ‍ॅमोनाइटचे जीवाश्म सापडतात. हा वेटोळ्या शिंपल्याचा, केव्हाच नामशेष झालेला समुद्रजीव. आपल्या देवघरातला शाळिग्रामही अ‍ॅमोनाइटच. इथल्या दंतकथेत मठाच्या प्रमुख संत हिल्डाने सापांचे दगड केले, म्हणून गावाच्या मानचिन्हावर सापाचं तोंड असलेले तीन अ‍ॅमोनाइट आहेत. सुटा पडलेला उचला, हातात घेऊन जवळून फोटो काढा. कड्यात हातोडी मात्र मारू नका.

दुपारी गावात या, पण दुपारच्या उन्हात मोठी दृश्यं काढायच्या फंदात पडू नका. ही वेळ बारीकसारीक गोष्टींची. फिश कीवर, म्हणजे मासळी उतरवायच्या धक्क्यावर, खेकड्या-शेवंडाचे पिंजरे रचलेले असतात, निळ्या-नारिंगी दोऱ्यांसकट. आता या बंदरात त्यांचीच आवक जास्त. माणसं कामात असतात, तेव्हा आधी नजर द्या, मान हलवा, मग कॅमेरा उचला. सार्वजनिक जागी फोटो काढायला इथे कायद्याची आडकाठी नाही, पण हर्णैच्या लिलावात कुणी न विचारता आमच्या मावशीच्या तोंडावर लेन्स धरली असती तर तिने काय ऐकवलं असतं ते मला ठाऊक आहे. लहान मुलांचे फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नाहीच.

चिप्स खाताना पाठ भिंतीला लावून बसा. इथले सीगल मागून येतात, बोटाला चावतात आणि पुडा घेऊन जातात. त्यांना खायला घालू नका. फोटोसाठी तर मुळीच नाही, नंतर त्रास आम्हा राहणाऱ्यांना होतो.

वेळ उरला तर पॅनेट पार्कमधलं संग्रहालय बघा. फ्रँक मेडो सटक्लिफ (1853–1941) हा फोटोग्राफर याच गावात स्टुडिओ चालवायचा आणि म्हातारपणी त्याच संग्रहालयाचं काम बघत होता. लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा, तिवई, एवढं ओझं घेऊन तो बंदरावर उभा राहायचा. 1886 मध्ये त्याने होडीभोवती उघडी पोरं पाण्यात खेळताना टिपली. इथले पाद्री खवळले आणि राजपुत्राने मात्र त्या फोटोची मोठी प्रत घेतली. त्याच्या फोटोंतल्या कोळणी आणि दर्यावर्दी कॅमेऱ्याला बिचकत नाहीत, कारण तो त्यांच्याच गावात राहायचा. त्याचं धुकं नीट बघा. त्याने ते अडचण मानलं नाही.

कारण धुकं तुम्हालाही गाठणार. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत गार नॉर्थ सीवरून वारा आला की ‘सी फ्रेट’ नावाचं दाट धुकं गावात शिरतं. मूरवर, म्हणजे आतल्या माळरानावर, लख्ख ऊन आणि इथे दहा पावलांवरचं दिसत नाही, असा प्रकार. परत फिरू नका. एक्सपोजर एक स्टॉप (कॅमेऱ्यात +1) वाढवा, नाहीतर सगळं राखाडी येतं. बोटींची डोलकाठी, धक्क्यावरचा एखादा माणूस, एवढंच धरा.

आता संध्याकाळ, आणि दिवसाचं खरं काम. नदी एस्क गावाच्या मधून वाहते. जुनं गाव पूर्वेच्या उतारावर आहे, म्हणजे त्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी ते सावलीत, संध्याकाळी सोन्यासारखं. म्हणून संध्याकाळी पश्चिम काठावर उभं राहायचं: पिअर रोडवर, किंवा खायबर पास नावाच्या चढाच्या रस्त्यावर (हो, इथेही आहे). झूम लेन्सने लाल कौलं, त्यावर सेंट मेरी चर्च आणि सर्वांत वर अ‍ॅबी, असे थर एकावर एक चढवा. भरतीच्या आधी-नंतर दोन तासांत 1908 सालचा फिरता पूल बोटींसाठी उघडतो. तेव्हा पुलावर अडकलेल्या लोकांचे चेहरे बोटींपेक्षा चांगले येतात.

चर्चच्या 199 पायऱ्या चढायच्या तर सकाळी लवकर. उजेड तेव्हा समोरच्या पश्चिम काठावर पडतो. मधे लाकडी बाकं आहेत, ती पूर्वी शवपेटी टेकवण्यासाठी होती. गॉथ वीकेंडला, म्हणजे गॉथ हौशींच्या जत्रेला, काळ्या पोशाखातली मंडळी हौसेने उभी राहतात, पण स्मशानातल्या थडग्यांवर बसून फोटो काढू नका. ड्रॅक्युला कादंबरीचा काही भाग याच गावात घडतो, त्या नादात लोक विसरतात की ती खऱ्या माणसांची आहेत.

जूनमध्ये एक रात्र मुक्काम कराच. किनारा उत्तरेकडे बघतो, म्हणून त्या दिवसांत सूर्य समुद्रातूनच उगवतो आणि समुद्रातच मावळतो. पहाटे साडेचारला एकदा, रात्री साडेनऊनंतर एकदा. मला विचाराल तर डिसेंबरच बरा. पावणेचारला सूर्यास्त, चार-सव्वाचारला दिवेलागण, निळं आकाश आणि बंदरात पिवळे दिवे, आणि सहाच्या आत तुम्ही घरच्या वाटेला. फक्त उत्तरेचा वारा आणि भरती एकत्र असेल तेव्हा धक्क्यावर पाऊल ठेवू नका. लाटा वरून जातात. त्या दिवशी वेस्ट क्लिफच्या उंचीवरून काढा.

खारं पाणी लेन्सवर बसलं तर कोरड्या कपड्याने घासू नका, मिठाने ओरखडे पडतात. आधी किंचित ओल्या कपड्याने टिपा, मग पुसा. आणि हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या फॉर्च्यून्समधून किपर घेतलेत, 1872 पासून ते हेरिंगला धुरी देतायत, तर दोन पिशव्यांत गुंडाळून खाण्याच्या डब्यात ठेवा, कॅमेऱ्याच्या बॅगेत नाही.