ब्राउझरमध्ये कुकीज चालू आहेत का, हे कसं तपासायचं

पासवर्ड बरोबर असतो, लॉगिनही होतं, पण पुढच्या पानावर पुन्हा लॉगिनच समोर येतं. अशा वेळी बऱ्याचदा सेशनची कुकी (लॉगिन लक्षात राहावं म्हणून साइट ब्राउझरला ठेवायला देते ती छोटी नोंद) ब्राउझरने ठेवलेलीच नसते. वापरणाऱ्याचा वेळ जाण्याआधीच ते कळायला हवं.

कुकीज चालू आहेत का ते सांगणारी, जावास्क्रिप्टमधली नॅव्हिगेटरची 'कुकीएनेबल्ड' प्रॉपर्टी 'फॉल्स' आली, तर तिथेच सूचना दाखवा. 'ट्रू' आली तरी निर्धास्त राहू नका. तुमची कुकी टिकेल याची ती खात्री देत नाही. त्यासाठी कुकी लिहून परत वाचायलाच हवी. पाथ '/' (म्हणजे साइटची सगळी पानं) आणि सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर कुकी जावी का, ते ठरवणारी सेटिंग) 'लॅक्स' ठेवून एक छोटी कुकी लिहा, लगेच वाचा, मग मॅक्स-एज (कुकीचं आयुष्य) ० देऊन पुसा. पुसताना पाथ आणि डोमेन तेच हवं, नाहीतर ती तशीच राहते. हे सगळं ट्राय-कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या ब्लॉकमध्ये) घाला, कारण सँडबॉक्स केलेल्या आयफ्रेममध्ये (पानात बसवलेल्या, बंधनं घातलेल्या चौकटीत) कुकी वाचायला गेलं की सिक्युरिटी एरर येऊ शकते. सेशनची कुकी मात्र इथे शोधू नका. ती एचटीटीपी-ओन्ली असेल (आणि असावीच), तर स्क्रिप्टला दिसणारच नाही.

सर्व्हरवर हमखास होणारी चूक म्हणजे कुकी पाठवून त्याच रिक्वेस्टमध्ये ती शोधणं. कुकी रिस्पॉन्ससोबत जाते आणि पुढच्या रिक्वेस्टबरोबर परत येते. म्हणून लॉगिनच्या पानावर चाचणीची कुकी सेट करा आणि '?तपास=१' अशी खूण पत्त्याला जोडून ३०२ रिडायरेक्टने त्याच पानावर पाठवा. खूण आहे पण कुकी नाही, तर सूचना दाखवा. पुन्हा रिडायरेक्ट करू नका, नाहीतर फेऱ्या संपत नाहीत. दोन्ही रिस्पॉन्सना 'नो-स्टोअर' (हे साठवून ठेवू नका, अशी सूचना) लावा. ही तपासणी प्रत्येक पानावर नको: सर्च इंजिनचे बॉट सहसा कुकी ठेवत नाहीत, ते विनाकारण अडकतील.

वापरणाऱ्याला दोष देण्याआधी आपली कुकी तपासा. 'सिक्युअर' असलेली कुकी साध्या एचटीटीपीवर ठेवली जात नाही. 'सेमसाइट=नन'ला 'सिक्युअर'ची जोड लागते. नाव आणि मजकूर मिळून ४०९६ बाइट्सच्या वर गेले, तर ब्राउझर कुकी गुपचूप टाकून देतो. सेमसाइट 'स्ट्रिक्ट' ठेवलं, तर दुसऱ्या साइटवरच्या लिंकवरून आलेल्या पहिल्या रिक्वेस्टबरोबर आणि तिच्या रिडायरेक्टबरोबरही ती येत नाही, आणि कुकीज चालू असूनही तपासणी 'बंद' सांगते. चाचणीच्या कुकीला 'लॅक्स' हवं ते याचसाठी.