सप्ताह बसवायचा तर आधी पहाऱ्याची वही

गावात सप्ताह बसवायचं ठरलं की पहिल्या बैठकीचा सगळा वेळ काल्याला, म्हणजे शेवटच्या दिवशीच्या कीर्तनाला, महाराज कोणते आणणार आणि मंडप केवढा घालणार यात जातो. सुरुवात तिथून करू नका. अखंड हरिनाम सप्ताहातला ‘अखंड’ हा शब्द मुख्यतः वीणेच्या पहाऱ्याला, म्हणजे आळीपाळीने वीणा हातात धरून उभं राहण्याला, लागू आहे. सात दिवस, म्हणजे 168 तास, वीणा खाली ठेवायची नाही. ती कोण कोणाच्या हातून घेतो आणि पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, यातून वारकरी विचार अंगात मुरतो. कीर्तन त्याचा अर्थ सांगतं, पण सवय पहाऱ्याने लागते. म्हणून पहिल्या बैठकीला वही घेऊन बसा.

दोन तासांचा पहारा धरला तर 84 पहारे होतात. प्रत्येकाला एक वीणेकरी आणि दोन टाळकरी, म्हणजे 252 जागा भरायच्या. साठ माणसं मिळाली तर एकेकाच्या वाट्याला चार-पाच पहारे येतात, ते शेतीची कामं सांभाळून निभतात. तीसच माणसांवर गाडा ओढायला गेलात तर चौथ्या रात्री वीणा खांबाला टांगलेली दिसेल. तीन तासांचा, म्हणजे पुरा एक प्रहर असा पहारा लावला तर आकडा 56 वर येतो, पण उभ्याने तीन तास वीणा धरणं म्हाताऱ्या माणसाचं काम नाही. रात्री 11 ते पहाटे 4 हा जागर सगळ्यात अवघड. त्या वेळेला एक राखीव नाव लिहा आणि पहारा सुरू व्हायच्या अर्धा तास आधी उठवायला जाणारा माणूस ठरवा. फोनवर विसंबू नका, तो उशाखाली वाजत राहतो.

नावं भावकीवार लिहिण्याची चूक सर्रास होते. मग एक रात्र एका आडनावाची, दुसरी दुसऱ्याची, आणि मळ्यातल्या वस्तीवरची माणसं फक्त पाणी वाढायला. त्याऐवजी वीणेकरी गावठाणातला असेल तर टाळकरी वस्तीवरचे घ्या, पुढच्या पहाऱ्याला उलट करा. वीणा देताना देणारा घेणाऱ्याच्या आणि घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो. तिथे वय, जात, जमीन काही पाहायचं नसतं. दिवसाला बारा वेळा गाव हे पाहतं, म्हणून नावांची मिसळ महत्त्वाची. नुसते अभंग गाऊन रिवाज बदलत नाही: चोखोबांची समाधी ज्या देवळाच्या पायरीशी आहे, त्या पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. बायकांच्या हाती वीणा द्यायची नाही, हा काही गावांतला रिवाजही असाच. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाईंचे अभंग त्याच मंडपात म्हणायचे आणि वीणा मात्र द्यायची नाही, याला काय म्हणावं? दिवसाचे पहारे बायकांना नावानिशी द्या, ‘कोणी आल्या तर बघू’ म्हणू नका.

रोजचा क्रम साधारण असा असतो: पहाटे 4 ते 6 काकडा (देवाला जागवणारी भजनं आणि आरती), मग विष्णुसहस्रनाम, 8 ते 11 ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी जेवण, 2 ते 4 गाथा भजन, 4 ते 5 प्रवचन, 5 ते 6 हरिपाठ, रात्री कीर्तन, नंतर जागर. छापील पत्रिकांत कीर्तन 9 ते 11 असतं आणि तिथे घोळ होतो. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस आणि तीही सरकारने जाहीर केलेल्या दिवसांपुरती. आपला सप्ताह त्यात बसेल असं गृहीत धरू नका. कीर्तन 7:30 ते 9:30 ठेवा, काकडा आणि जागर भोंग्याशिवाय करा. पोलीस ठाण्याची परवानगी लेखी घ्या. पहाटेचा काकडा नुसत्या टाळ-पखवाजावर जास्त गोड लागतो, हे वेगळं.

पारायणाची वाटणी करताना अठरा भागिले सात असा हिशेब करू नका. अध्याय सारखे नाहीत: पाचव्यात 180 ओव्या, तेराव्यात 1170 च्या आसपास, अठराव्यात 1800 हून जास्त. रोज अडीच अध्याय धरले तर दुसऱ्या दिवशी वाचक दहाच्या आधीच मोकळे होतात आणि शेवटच्या दिवशी दुपारच्या पंगती खोळंबतात. एकूण ओव्या नऊ हजारांवर, म्हणजे रोज सरासरी तेराशेच्या आत. जमणारी वाटणी अशी: पहिल्या दिवशी 1 ते 4, दुसऱ्या दिवशी 5 ते 8, मग 9 ते 11, चौथ्या दिवशी 12 आणि 13, पाचव्या दिवशी 14 ते 16, सहाव्या दिवशी 17 आणि अठराव्यातल्या पहिल्या 700 ओव्या, उरलेलं सातव्या दिवशी. समूहाने मिनिटाला सात ओव्या होतात. तिसरा, चौथा, पाचवा दिवस जड आहे, त्या दिवशी 7:30 ला बसा. सगळ्यांच्या हातात एकाच प्रकाशनाची प्रत हवी, नाहीतर ओवी क्रमांक आणि पाठ पुढेमागे होतात आणि व्यासपीठचालकाचा, म्हणजे पुढे बसून पारायण चालवणाऱ्याचा, घसा आधी बसतो.

कीर्तनकारांबद्दल थोडक्यात. सात रात्री आणि आठव्या दिवशी काला, अशी आठ कीर्तनं. एकाच नावाजलेल्या महाराजांच्या मानधनाच्या पाकिटात निम्मा फंड गेला की पंगतीत वरण पातळ होतं. पंचक्रोशीतले चार अभ्यासू कीर्तनकार, त्यात एखादी महिला कीर्तनकार, आणि पखवाज नीट वाजवणारा एक मृदंगमणी, एवढं जमलं तर सप्ताह उभा राहतो. पुढाऱ्यांचे सत्कार कीर्तनाच्या मध्ये घ्यायचे नाहीत, हे निमंत्रण देतानाच सांगून टाका.

अन्नदान एका श्रीमंत घराला देऊ नका, दिवस वस्तीवार वाटा. पंगतीतल्या शंभर पानांना (माणसांना) चपातीची कणीक 12 किलो, तांदूळ 10 किलो, तूरडाळ 4 किलो, भाजी 12 किलो, बुंदीला बेसन 2 किलो आणि साखर 4 किलो पुरते. चुलवणावर स्वयंपाक करणाऱ्याला आदल्या रात्री आकडा सांगा, सकाळी नको. भाकरी घरोघरून गोळा करण्याची जुनी रीत चांगली आहे, फक्त एकाच टोपल्यात सगळ्यांच्या भाकरी पडू द्या; कोणत्या घराची कोणती हे ओळखू येता कामा नये. पंगत एकच, बसायला येईल तसं बसायचं, आणि वाढपी सगळ्या वस्त्यांतले.

सप्ताहात एकादशी येते का ते तिथी ठरवतानाच पाहा. त्या दिवशी धान्य चालत नाही आणि लोक भगरीकडे वळतात. भगरीला ओल लागली की बुरशी धरते आणि शेकडो माणसांना एकदम विषबाधा होते. गावच्या सप्ताहांत असं घडलेलं आहे. बंद पाकिटातली, ताज्या तारखेची भगर घ्या, निवडून धुऊन त्याच वेळी शिजवा. तयार पीठ आणि सुटी भगर नकोच. साबुदाणा शंभर माणसांना 8 किलो.

आठव्या दिवशी 10 ते 12 काल्याचं कीर्तन. लाह्या, दही, पोहे, काकडी एकत्र कालवून हंडी फोडल्यावर काला वाटतात, आणि शेजारच्याच्या तोंडात घालतात. महाप्रसादाच्या पंगती बसण्याआधी जमाखर्च माईकवर वाचा: वर्गणी, पाकिटं, किराणा, शिल्लक. भांडी मोजून देवळात ठेवा. पहाऱ्याच्या वहीत कोणत्या रात्री कोण आलं नाही आणि कोणत्या वस्तीचं एकही नाव लागलं नाही ते लाल शाईने लिहा, आणि वही पुढच्या वर्षीच्या चालकाच्या हाती त्याच मंडपात द्या.