स्केल फॅक्टर समजून घ्यायचाय? पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसा

ए४ कागद ए३ वर मोठा करून मागितला की झेरॉक्सवाला मशिनवर 141 टक्के लावतो. कागद तर दुप्पट होतो, मग 200 का नाही लावत? याचं उत्तर स्केल फॅक्टरमध्ये आहे, म्हणजे आकृतीची प्रत्येक लांबी किती पट करायची तो आकडा. पण आधी हाताने काढून बघा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

कोऱ्या कागदावर अबक असा छोटा त्रिकोण काढा आणि त्याच्या बाहेर कुठेही एक बिंदू म घ्या, हा आपला केंद्रबिंदू. आता म पासून अ मधून जाणारी रेघ लांबपर्यंत ओढा. समजा म ते अ अंतर 3 सेमी आहे आणि स्केल फॅक्टर 2 आहे, तर नवीन बिंदू म पासून 6 सेमीवर येणार. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, मुलं 6 सेमी अ पासून मोजतात आणि मग तो बिंदू म पासून 9 सेमीवर जातो म्हणजे दुप्पटच्या ऐवजी तिप्पट! प्रत्येक अंतर केंद्रापासूनच मोजायचं. ब आणि क चं पण तसंच करा, आणि तिन्ही नवे बिंदू जोडा.

बरोबर आलं का ते कसं ओळखायचं? नवी प्रत्येक बाजू जुन्या बाजूला समांतर हवी आणि लांबीने दुप्पट हवी, कोन मात्र तेवढेच. एखादी बाजू तिरकी दिसली तर एखादा बिंदू चुकलाय. (दहावीला समरूप त्रिकोणाची जी रचना येते, सामाईक शिरोबिंदूवाली, तिथे तो शिरोबिंदूच केंद्र असतो.)

फॅक्टर अर्धा घेतला तर आकृती लहान होऊन केंद्राकडे सरकते.

ग्राफपेपरवर केंद्र (0,0) असेल तर काम सोपं, दोन्ही आकड्यांना सरळ गुणा. पण केंद्र (1,1) आणि बिंदू (3,2) असेल तर आधी केंद्र वजा करा, मिळालं (2,1), फॅक्टर 3 ने गुणलं की (6,3), मग केंद्र परत मिळवा, उत्तर (7,4).

आता झेरॉक्स. फॅक्टर फक्त लांबीला लागतो, क्षेत्रफळाला त्याचा वर्ग. 200 टक्के लावलं तर लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट, म्हणजे कागद चौपट लागेल. दुप्पट क्षेत्रफळ हवं तर फॅक्टर 2 चं वर्गमूळ, साधारण 1.41, बघा ए४ ची रुंदी 210 मिमी गुणिले 1.41 म्हणजे जवळपास 297, हीच ए३ ची रुंदी. आणि ए३ चं परत ए४ करताना 1 भागिले 1.41, म्हणून मशिनवर 71 टक्के.