जर्मनीत कंपनी काढायचीय? मग आधी कामांचा क्रम समजून घ्या

जर्मनीत कंपनी काढायची म्हटलं की सगळे भांडवलाचे 25,000 युरो कुठून आणायचे यावरच अडकतात, पण जास्त लोक अडकतात ते क्रमात. इथे एक कागद झाल्याशिवाय दुसरा होत नाही आणि मधलीच पायरी आधी करायला गेलात की आठवडे वाया जातात.

सगळ्यात आधी व्हिसा बघा. म्युनिक, श्टुटगार्टला नोकरी करणारे आपले बरेच जण ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांच्या राहण्या-कामाच्या परवान्यावर असतात आणि ते कार्ड नोकरीसाठी दिलेलं असतं. कंपनीत नुसते शेअर घेणं वेगळं आणि स्वतः गेशेफ्ट्सफ्युरर, म्हणजे कंपनी चालवणारा डायरेक्टर होणं वेगळं. डायरेक्टर व्हायचं असेल तर आधी परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून लेखी परवानगी घ्या, तोंडी 'चालेल' वर जाऊ नका. पर्मनंट रेसिडन्सी असेल तर हा प्रश्नच येत नाही.

मग ठरवा, जीएमबीएच (मर्यादित जबाबदारीची कंपनी) की यूजी (तिचंच कमी भांडवलात निघणारं रूप). जीएमबीएचचं भांडवल 25,000 युरो, पण रजिस्टरला, म्हणजे कोर्टाकडे असलेल्या कंपन्यांच्या नोंदवहीला, अर्ज करताना निम्मे म्हणजे 12,500 भरलेले असले तरी चालतं, उरलेले मात्र तुमच्यावर देणं राहतात. आणि हे पैसे बँकेत कुलूपबंद राहतात असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं अजिबात नाहीये, कंपनी सुरू झाली की लॅपटॉप, भाडं, पगार, माल, धंद्याच्या खर्चाला ते वापरता येतात, फक्त स्वतःच्या खिशात परत घ्यायचे नाहीत.

यूजी 1 युरोतही निघते. कायद्याने निघते, पण तसं करू नका हे मी मनापासून सांगते, कारण नोटरीचं आणि कोर्टाचं बिल आलं की कंपनीत काहीच उरत नाही आणि दिवाळखोरीचे नियम पहिल्याच महिन्यात मागे लागतात. निदान हजार दोन हजार युरो तरी घाला. यूजीला दरवर्षी नफ्यातला चौथा हिस्सा राखीव ठेवावा लागतो, भांडवल 25,000 पर्यंत नेलं की तिची जीएमबीएच करता येते.

आता नाव आणि कामाचं वर्णन. 'सगळ्या प्रकारच्या मालाचा व्यापार' असं मोघम लिहिलं तर रजिस्टर परत पाठवतं, त्यापेक्षा 'भारतीय मसाले आणि डाळींची आयात व विक्री' असं स्पष्ट लिहा. नोटरीकडे जायच्या आधी दोन्ही गोष्टी आयएचके, म्हणजे तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे ईमेलवर तपासून घ्या. मेंबर तर तुम्हाला पुढे सक्तीने व्हावंच लागतं, मग आधीपासूनच उपयोग करून घ्या ना.

नोटरी हा इथला मुख्य माणूस. तो अख्खा करार तुमच्यासमोर मोठ्याने वाचतो, ती कायद्याची अट आहे, आणि जर्मन नीट कळत नसेल तर दुभाषा लागतो, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच सांगून ठेवा. ऑगस्ट 2022 पासून हे ऑनलाइनही करता येतं. एकटेच असाल तर तयार नमुना करार स्वस्तात पडतो. पण पार्टनर असेल तर तो नमुना घेऊ नका, कितीही जवळचा मित्र असू दे, कारण एकाला बाहेर पडायचं झालं तर शेअर कुणाला आणि किती किमतीला द्यायचे यावर त्यात काहीच नसतं. तिथे दोन पैसे जास्त घाला आणि वकिलाकडून नीट करार लिहून घ्या.

सही झाली की बँक खातं, आधी नाही. खातं कंपनीच्या नावापुढे 'आय. जी.' म्हणजे 'स्थापना चालू आहे' असं लावून उघडतं, त्यात भांडवल भरायचं, पावती नोटरीला पाठवायची, मग तो हांडेल्सरेगिस्टरला, म्हणजे त्याच कंपन्यांच्या रजिस्टरला, अर्ज करतो. एचआरबी नंबर, म्हणजे रजिस्टरमधला कंपनीचा नोंदणी क्रमांक, येईपर्यंत कंपनीच्या नावाने कुठलाही मोठा करार, दुकानाचा भाडेकरार वगैरे सही करू नका, तोपर्यंत सही करणारा स्वतः जबाबदार धरला जातो, घरच्या पैशांसकट!

नंबर आला की गेवेर्बेआम्टमध्ये धंद्याची नोंद, ट्रान्सपरन्सी रजिस्टरमध्ये खरे मालक कोण त्याची नोंद, आणि एल्स्टर या सरकारी टॅक्स पोर्टलवरून टॅक्स ऑफिसचा प्रश्नावली फॉर्म. त्या फॉर्ममध्ये पहिल्या वर्षाचा अंदाजे नफा विचारतात, तिथे उत्साहात मोठा आकडा टाकलात तर आगाऊ टॅक्सही तेवढाच मागतात.

टॅक्स गावागणिक बदलतो. कॉर्पोरेट टॅक्स आणि त्यावरचा अधिभार मिळून 15.825 टक्के सगळीकडे सारखा, पण धंद्यावरचा टॅक्स नगरपालिका ठरवते, म्युनिकला 17.15 टक्के आणि बर्लिनला 14.35. स्वस्त गावात नुसता पत्ता घेऊन काम मात्र शहरातून करायचं हे जमत नाही, ऑफिस खरंच तिथे लागतं.

आणि रजिस्टरला नाव लागलं की सरकारी दिसणारी खोटी बिलं पोस्टाने यायला लागतात, गरुडाचं चित्र, कोर्टासारखा मजकूर, काहीशे युरो लगेच भरा म्हणून. खरं बिल राज्याच्या न्याय खात्याच्या कॅश ऑफिसकडून येतं. शंका आली तर ते पत्र स्कॅन करून नोटरीला पाठवा आणि उत्तर येईपर्यंत एक सेंटही भरू नका.