घाट उतरण्याआधी: क्वार्टेटच्या पोरांची तयारी

बेळगावहून गोव्याच्या संगीत महोत्सवाला क्वार्टेट (दोन व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा व्हिओला आणि पायांत धरून वाजवायचा चेलो, असा चौघांचा संच) घेऊन निघालेल्या पोरांनी आधी कपड्यांची नव्हे, कागदांची तयारी करावी. प्रत्येकाकडे आपापला पार्ट, म्हणजे आपल्याच वाद्याची स्वरलिपी, असून भागत नाही. चौघांत मिळून चारही वाद्यं एकाखाली एक लिहिलेला एक पूर्ण स्कोअर हवाच, आणि चारही पार्टांवरचे बार नंबर (तालाच्या खणांचे आकडे) जुळतात का, हे पेन्सिल घेऊन एकत्र बसून बघा. वेगवेगळ्या प्रतींवरून झेरॉक्स काढल्या की इथं हमखास घोळ होतो. शिकवायला आलेले पाहुणे ‘बेचाळीसपासून घ्या’ म्हणतात, तिघं सुरू होतात आणि व्हिओला पान चाळत राहतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात अथपासून इतिपर्यंत वाजवणं कमी करा. बार नंबरांच्या चिठ्ठ्या करा, एक उचला, तिथून सुरू. सुरुवातीचा श्वास कोण घेणार आणि गज वर जाणार की खाली, हेही प्रत्येक ठिकाणी ठरलेलं असू द्या. समोर हातानं ताल देणारा कंडक्टर नसतो. ज्याचा श्वास ठरलाय, त्याच्या श्वासावरच सगळ्यांनी उचलायचं असतं.

काय वाजवायचं हे अजून ठरत नसेल तर संगीतकार हायडनच्या ७६व्या ओपसातल्या (क्रमांक दिलेल्या रचनासंचातल्या) तिसऱ्या क्वार्टेटचा दुसरा भाग घ्या, असं मी सुचवेन. धून आधी पहिल्या व्हायोलिनकडे असते, मग ती दुसऱ्या व्हायोलिनकडे, चेलोकडे, व्हिओलाकडे जाते. आपली पाळी नसताना दुसऱ्याला वर कसं येऊ द्यायचं, ते यात चांगलं कळतं. एकमेकांचे पार्ट गाऊन बघा. सरगमीत गायलात तरी चालेल. बेळगाव-धारवाड पट्ट्यातल्या पोरांच्या कानात ती आधीच बसलेली असते.

एरवी मांडी घालून सा-प-सा-प लावून व्हायोलिन वाजवणाऱ्यांनी निदान आठवडाभर आधी तारा जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य सुरांवर आणून ठेवाव्यात. खुर्चीवर ताठ बसायची सवयही तेव्हापासूनच. नव्या तारा घालायच्या तर त्याही तेव्हाच, कारण आदल्या दिवशी घातलेली तार स्टेजवर उतरतेच. एकेकच तार बदला. चारही एकदम सैल केल्या तर तारांखालची घोडी पडते, कधी वाद्याच्या पोटातली उभी काडी, म्हणजे साउंडपोस्टही पडतो. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यात पटाईत, पण साउंडपोस्ट उभा करणं हे काम निराळं. ते येत असलेल्या माणसाकडेच वाद्य द्या. काढलेली तार धड असेल तर फेकू नका. ती आधीच ताणलेली असते, ऐनवेळी वाद्यावरची तुटली तर ही नव्यापेक्षा लवकर स्थिरावते.

बेळगावच्या कोरड्या थंडीतून समुद्रकाठच्या दमट हवेत गेलं की लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात. परत वर आलात की त्याच खुंट्या सैल पडून घसरतात. वाजवून झालं की गजाचा स्क्रू ढिला करायचा म्हणजे करायचाच. गजाच्या केसांना घासायच्या रोझिनच्या (राळेच्या) दोन वड्या आणि मऊ फडकं प्रत्येकाच्या केसमध्ये असावं.

चेलोवाल्याची यादी थोडी मोठी. चेलो जमिनीवर ज्या दांडीवर टेकतो तिच्या टोकाखाली ठेवायला पट्टा किंवा रबरी थांबा घ्या, गुळगुळीत फरशीवर चेलो पुढे सरकतो. आणि हॉलमध्ये पोचल्यावर पहिलं काम खुर्ची बघायचं. आपल्याकडे सर्रास हातांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडतात. गज खालच्या तारेवर गेला की कोपर नाहीतर गज त्या हातावर आपटतो. बिनहाताची, सपाट बैठकीची खुर्ची आयोजकांकडे आधीच फोन करून मागा. पानं उडू नयेत म्हणून चिमटे प्रत्येकी चार.

गाडी भाड्याची असेल तर गोव्याचं परमिट आहे का, हे मालकाला आधीच विचारा. चोर्ला घाटाच्या वळणांना ज्यांना मळमळतं त्यांनी पुढं बसावं, चेलोनं मधल्या सीटवर. टपावर नाही, आणि उन्हात बंद गाडीतही नाही. उष्णतेनं सांध्यांतला सरस सुटतो. दशम्या, शेंगाचटणी, कुंदा खुशाल न्या, पण तुपाचे हात गजाच्या केसांना लागले तर रोझिन धरत नाही, तेव्हा साबण वरच्याच कप्प्यात ठेवा.

शाळेचं रजेचं पत्र आणि पालकांचे फोन नंबर मोठ्या माणसाकडे कागदावर लिहून द्या. तिथं शिकवणाऱ्यांशी चौघांच्या वतीनं कोण बोलणार, तेही ठरवा. माझं मत विचाराल तर दुसऱ्या व्हायोलिनला बोलू द्या. पहिला तसाही सगळीकडे पुढं असतो.